चोर चहाला बोलावता आला पाहिजे

तमाम रहस्यकथाप्रेमी जनतेस, सर्व महाविद्यालयांच्या प्राचार्यांस आणि ज्यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप आहे अशा यच्चयावत कर्मचाऱ्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बारामतीजवळच्या पिंपळी गावात, एका पत्र्याच्या व्हरांड्यात, दर रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळेत कित्येक वर्षं चोर पकडले जात होते. फुटलेल्या प्रश्नपत्रिका, गायब झालेली सुवर्णपदकं, ग्रंथालयातून निघून गेलेली हस्तलिखितं, एकदा तर वसतिगृहाची भिजवून ठेवलेली अख्खी कणीक. या सगळ्या चोऱ्यांचा छडा पोह्यांची दुसरी बशी यायच्या आत लागत असे. रक्ताचा एक थेंबही कधी सांडला नाही. चहा पुष्कळ सांडला. यातल्या एकाही गुन्ह्याची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात सापडणार नाही, कारण ते सगळे गुन्हे छापील गोष्टींमध्ये घडले होते.

एक सोडून.

त्या एकाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी सरांची ओळख करून द्यायला हवी, कारण तो व्हरांडा सरांचा, चोर पकडायची पद्धत सरांची आणि आम्हाला तिथे आणून बसवण्याचा अपराधही सरांचाच.

सर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख. बारामतीच्या एका महाविद्यालयात त्यांनी उभी हयात काढली. उंच, किडकिडीत, आणि बुशशर्टाच्या खिशाखाली ॲसिडनं पडलेलं मुगाच्या दाण्याएवढं भोक. शर्ट बदलत, भोक तेच राही. निदान आम्हाला तसं वाटे. चहाचा ग्लास हाती आला की ते तो डोळ्यांच्या पातळीवर धरत, एक डोळा मिटत, चहाच्या पृष्ठभागाचा खालचा वक्र बघत आणि जाहीर करत, "नव्वद मिली." आतून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओरडत, "शंभर दिलाय!" सर शांतपणे म्हणत, "दहा मिली गाळणीत राहिला." मग पहिला घोट. एकदा काकू लग्नाला गेल्या होत्या. सर ग्लास धरून नुसतेच बसले, चहा निवायला लागला, तरी घोट घेईनात. शेवटी आमच्या मंडळातल्या निरवांगीच्या तात्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून "शंभर दिलाय!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

माझी आणि सरांची गाठ पडली ती परीक्षेच्या हॉलमध्ये. मी इंदापूरला वाणिज्य शाखेत शिकवतो. त्या दिवशी पर्यवेक्षक म्हणून उभा होतो आणि पर्यवेक्षक जे करतात तेच करत होतो, म्हणजे फळ्याकडे पाठ करून एक जुना दिवाळी अंक वाचत होतो. बाहेरून आलेले वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून सर दारात प्रकट झाले. अंक जप्त. आता लेखी खुलासा द्यावा लागणार म्हणून मी घामाघूम. पेपर संपल्यावर अंक परत आला. मी वाचत होतो त्या गोष्टीची शेवटची दोन पानं चारी बाजूंनी स्टेपल मारून बंद केलेली आणि वर पेन्सिलीनं लिहिलेलं: "पदक कोणी घेतलं? पुराव्यासह रविवारी पिंपळीस येऊन सांगावे. स्टेपल काढलेली आढळल्यास उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही."

मी गेलो. स्टेपल न काढता गेलो, हे मला आजही माझ्या चारित्र्याचं सर्वोच्च शिखर वाटतं.

सरांना रहस्यकथा लागत, पण कुठल्याही नव्हेत. खून बाद. पळवापळवी बाद. काळा कोट घालून पावसात उभा राहणारा माणूस दिसला की ते अंक मिटत. "खून का नको, सर?" असं मी पहिल्याच रविवारी विचारलं.

"ज्याचा खून झाला त्याला काही विचारता येत नाही," सर म्हणाले. "चोरीत कसं, सगळे हजर असतात. गोष्ट संपल्यावर चोराला चहाला बोलावता आलं पाहिजे. नाही तर ती बातमी झाली, गोष्ट कसली?"

दुसरी अट त्याहून कडक. घटना शाळेत, महाविद्यालयात, ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेतच घडली पाहिजे. अशा गोष्टी शोधायला ते बारामतीच्या रद्दीवाल्यांकडे जात. रद्दीवाले त्यांना बघितलं की स्टूल पुढे करत आणि विचारत, "सर, आज पेपरफुटी का पदक?"

गोष्ट वाचायचे सर स्वतः, मोठ्यानं, उभं राहून. शेवटची दोन पानं बंद. प्रश्नपत्रिकेचं पाकीट फोडताना दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतात, तशा दोघांच्या सह्या त्या पानांवर घ्यायच्या आणि वेळ टाकायची. पानं कात्रीनं उघडण्याआधी प्रत्येकानं आपला अभिप्राय लिहून द्यायचा, तोही प्रयोगवहीच्या रीतीनं: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमान म्हणजे चोराचं नाव. सर त्याला पन्नासपैकी गुण देत. "गोष्ट छान आहे" असं लिहिणाऱ्याला शून्य. "छान म्हणजे किती? वजन करून सांगा."

या पद्धतीचे सर्वांत मोठे बळी म्हणजे तात्या. तात्या निरवांगीचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या खिशात द्राक्षाची गोडी मोजायची नळी कायम असे; मण्याचा रस एका टोकाला लावायचा, दुसऱ्या टोकानं उजेडाकडे बघायचं, आकडा दिसतो, त्याला म्हणतात ब्रिक्स. तात्या गोष्टींनाही ब्रिक्स देत. त्यांचा एक अभिप्राय माझ्याकडे अजून आहे:

"उद्देश: टाइमपास. साहित्य: प्राचार्य एक, शिपाई दोन, ग्रंथपाल बाई एक, मांजर एक. कृती: बाई पैल्याच पानावर रडली. निरीक्षण: मांजराचं म्होरं काय झालं ते लेखक इसरला. अनुमान: ग्रंथपाल बाई. ब्रिक्स चौदा. माल आंबट हाय, तोडू नये."

सरांनी खाली लिहिलंय: "मांजराचा मुद्दा योग्य. एकोणचाळीस."

मंडळात एक मॅडम होत्या. सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता सरांच्याच खुर्चीवर, म्हणजे त्याच विभागाच्या प्रमुख. त्यांचे अभिप्राय छोटे आणि धारदार. "तोंडानं पिपेट ओढणारा प्राध्यापक गुप्तहेर म्हणून चालेल, माझ्या विभागात चालणार नाही."

सर अभिप्रायावर थांबत नसत. लेखकानं लिहिलंय ते होतं का, हे करून बघत. एका गोष्टीत चोर प्रयोगशाळेबाहेर उभा राहून दोऱ्यानं आतली कडी लावतो. सरांनी दोरा घेतला आणि स्वतःच्या न्हाणीघराच्या दारावर प्रयोग केला. प्रयोग पहिल्या झटक्यात यशस्वी झाला. कडी आतून लागली, आत कोणी नव्हतं, आणि दोरा तुटला. सुतार मिळेपर्यंत तीन दिवस सर शेजारच्या मळ्यात मोटारीच्या पाण्याखाली आंघोळ करत होते. अभिप्रायात त्यांनी लिहिलं: "लेखक विश्वासार्ह. न्हाणीघर बंद." आणि काकूंनी खाली, स्वतःच्या अक्षरात: "लेखकाचा पत्ता द्या."

आता आबा.

आबा वरकुट्याचे. सरांच्या प्रयोगशाळेत परिचर होते, निवृत्त झालेले. मी इंदापूरहून निघालो की त्यांना वाटेत गाडीत घेत असे. व्हरांड्यात खुर्च्या असल्या तरी ते पायरीवर बसत, डोळे मिटून गोष्ट ऐकत आणि अभिप्रायाचा कागद सुंदर, मोकळ्या अक्षरात भरत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं. अनुमानाची जागा तेवढी कोरी. दर रविवारी कोरी. सर त्यावर कधीच गुण कापत नसत, आणि "छान"ला शून्य देणाऱ्या माणसानं हे सोडून द्यावं, याचं मला नवल वाटे.

एकदा गाडीत मी विचारलं, "आबा, तुम्हाला चोर कळत नाही का?"

"कळतो की."

"मग लिहीत का नाही?"

आबांनी खिडकीबाहेरच्या उसाकडं तोंड फिरवलं. "नाव एकदा लिव्हलं की ऱ्हातं ते," एवढंच म्हणाले.

बाकीचं मला सरांनी सांगितलं, एका रविवारी सगळे गेल्यावर. कपाटात कुलूपबंद असलेली प्लॅटिनमची क्रुसिबल, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी एक पांढरी वाटी, वीसेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या साठा तपासणीत सापडली नाही. ती महाविद्यालयाची सर्वांत मानाची वस्तू. किल्ली आबांच्या करगोट्याला. चौकशी झाली. कपाट कोणत्या प्रात्यक्षिकाला कधी उघडलं, याची नोंदवही तपासली, प्रत्येक तारखेला वाटी परत ठेवल्याची नोंद होती. काहीच निष्पन्न होईना, तेव्हा साठ्याच्या रजिस्टरात लाल शाईनं शेरा पडला: "परिचराच्या निष्काळजीपणामुळे गहाळ." आबांच्या कमरेची किल्ली सगळ्यांसमोर काढून घेतली. पुढची सगळी नोकरी आबांनी एकेका बाटलीसाठी कारकुनाला "साहेब, कपाट उघडता का?" असं विचारत काढली. वरकुट्यात कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त देवळाची किल्ली कोणाकडे ठेवायची असं निघालं, की लोकांची नजर आबांवरून पुढं सरके.

"शेऱ्याखाली सही माझी आहे," सर म्हणाले. "आबांनी घेतली नाही हे मला ठाऊक होतं. पण ते नुसतं अनुमान. निरीक्षण माझ्याकडं नव्हतं. वर्गात मीच शिकवायचो, निरीक्षणाशिवाय अनुमान लिहू नका. मग लिहिलं काय? चौकशी करणाऱ्याचं अनुमान. त्याच्याकडंही निरीक्षण नव्हतं."

म्हणून ते महाविद्यालयातल्या चोऱ्या वाचत होते. इतक्या लेखकांनी इतक्या परींनी वस्तू नाहीशा केल्या आहेत, त्यातली एखादी रीत आपल्या वाटीला लागू पडेल, आणि आबा धडधाकट आहेत तोवर तो लाल शेरा खोडता येईल, अशी त्यांना आशा होती. आम्ही मजेला जमत होतो. सर चौकशी चालवत होते.

हे कळल्यावरही मजा कमी झाली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. सर मजेशीर होते ते होतेच. शेवटची पानं कोणी तरी आधीच उचकटून बघतं, असा त्यांना एका पावसाळ्यात संशय आला, कारण तात्यांना सलग तीन रविवार पंचेचाळीसच्या वर गुण पडले. एका गोष्टीत त्यांनी वाचलं होतं की हळदीला साबण लागला की ती लाल होते. गोष्ट कशाला, हे तर ते स्वतःच तीस वर्षं शिकवत आले होते. त्यांनी स्टेपलांवर हळदीची बारीक पूड भुरभुरली आणि पोहे झाल्यावर सगळ्यांना नळावर रांगेत उभं करून साबणानं हात धुवायला लावले.

तात्यांचे हात लाल. मॅडमचे लाल. माझे लाल. आबांचे लाल. सर विजयानं फुलले, "सगळेच? कटच आहे हा!" तेवढ्यात काकू पंचा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पोह्यांत हळद असते." सरांनी स्वतःचे हात धुऊन बघितले. तेही लाल. त्यांनी त्या दिवशी स्वतःला पन्नासपैकी चार गुण दिले आणि चार कशाचे, असं विचारल्यावर म्हणाले, "साबणाचे."

आता माझा गुन्हा. मी एक गोष्ट लिहिली. चोरून लिहिली. महाविद्यालय, प्रयोगशाळा, हरवलेली प्लॅटिनमची वाटी, निरपराध परिचर. तारखा सरांनी मला सांगितल्या होत्या तशाच, नोंदवहीबरहुकूम. चोर मी बाहेरून आलेल्या परीक्षकाला केला. तो जेवणाच्या डब्यातून वाटी नेतो. छान टाइप केली, खोटं नाव घातलं आणि "एका अप्रकाशित लेखकाची आहे" असं सांगून सरांच्या हाती दिली. मनात काय होतं? आबांना निदान एका गोष्टीत तरी निर्दोष सोडवावं, हे होतं. आणि सरांकडून पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळवावेत, हेही होतं. कुठलं जास्त होतं ते विचारू नका.

सरांनी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बदलला. आबांनी डोळे उघडले. पण सरांनी वाचन थांबवलं नाही. सुरू केलेला प्रयोग ते अर्धवट सोडत नसत. शेवटच्या पानांआधी ते थांबले, स्टेपल मारलेल्या पानांवर माझ्याच सहीसाठी पेन पुढे केलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी चहाच्या वक्रात बघू लागलो.

अभिप्राय आले. मॅडमनी लिहिलं होतं: "चोर परीक्षक. पण डबा भरलेला होता की रिकामा? भरलेल्या डब्यात आमटीचं प्लॅटिनमवर काय झालं, हे लेखकाला सुचलेलं नाही."

"काही होत नाही," सर म्हणाले. "आमटीनं प्लॅटिनमचं काही बिघडत नाही. पुढचा."

तात्यांनी कागद पुढे केलाच नाही. "मी तोंडीच सांगतो. बाद. लेखक हितला न्हायच."

"कशावरून?" मी, जरा जास्तच जोरात.

"अवो प्राध्यापक, नवरात्राच्या आधी वाटी हाय, दिवाळीनंतर न्हाय. आन मधी खंडेनवमी कुठं गेली? आमी त्या दिशी ट्रॅक्टर पूजतो, फवारणीचा पंप पूजतो. माझ्या आईनं एकदा माझ्या मोबाइलला कुंकू लावलं, आठ दिवस कॅमेऱ्यात समदं गाव लाल दिसत व्हतं. आन येवढ्या मोठ्या कॉलेजात येवढी यंत्रं, तर एक उदबत्ती न्हाय? ह्यो लेखक म्हंजे कुठल्या तरी फ्लॅटात बसून लिव्हणारा दिसतोय."

"अहो, पण कपाट ज्या ज्या दिवशी उघडलं ते सगळं नोंदवहीवरून घेतलंय!"

"घेतलंय? कुणी घेतलंय?"

"म्हणजे... लेखकानं."

मॅडम पदराआड हसल्या. मी गेलो कामातून. पण सर हसत नव्हते. त्यांच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली होती.

"तात्या, परत म्हणा."

"काय? फ्लॅटाचं?"

"खंडेनवमीचं."

तात्यांनी परत सांगितलं. सर हळूहळू म्हणाले, "पूजा म्हणजे प्रात्यक्षिक नव्हे. म्हणून नोंद नाही. कपाट उघडलं असेल, पण नोंद नाही. आबा, त्या वर्षी पूजा झाली होती?"

"झाली व्हती की सर. दर वर्साला व्हायची. बाकावर तुमचा तराजू, ब्युरेटी, आन मधोमध ती पांढरी वाटी. तुमीच मांडली. म्हनला, हिच्याबिगर पूजा कसली."

"चौकशीत हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला इचारलं, प्रॅक्टिकलला कपाट कवा कवा उघडलं. त्येवढं सांगितलं. पूजेचं कुणी इचारलंच न्हाय."

"वाटीत काही घातलं होतं?"

"कुंकू, अक्षता. समद्यावरच टाकल्या व्हत्या."

"मग बाक आवरला कोणी?"

ज्या माणसानं इतके रविवार एक नाव लिहिलं नव्हतं, त्याला आता ते उच्चारायचं होतं. आबांनी टोपी काढली, परत घातली.

"मी बाक धूत व्हतो," ते म्हणाले. "पूजेचं समदं तुमीच तबकात भरलंत सर. तबक घरचं व्हतं, काकूंचं. स्कूटरवर पायापाशी ठिवलं आन गेलात."

आमच्या सगळ्यांच्या माना एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. दारात काकू उभ्या होत्या, हातात झारा.

"कुठली वाटी?" काकू म्हणाल्या. "ती हिंगाची?"

त्यांनी आतून मिसळणाचा डबा आणला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, आणि कडेला एका बोटभर वाटीत हिंग. "तबकात आली होती. म्हटलं, कोणाची तरी राहिली असेल हळदीकुंकवाची. कोणी मागायला येतंय का म्हणून महिनाभर वाट बघितली. कोणी आलं नाही, मग घेतली वापरायला. चांगलं स्टील आहे हो! इतक्या वर्षांत एक डाग नाही."

सरांनी वाटीतला हिंग वर्तमानपत्रावर ओतला. वाटी धुतली, पुसली, मॅडमच्या हातात उपडी दिली आणि डोळे मिटून एक आकडा म्हटला. साठ्याच्या रजिस्टरातला तो क्रमांक त्यांना इतकी वर्षं पाठ होता. मॅडमनी बुडावरचा ठसा उजेडात धरला आणि होकारार्थी मान हलवली.

"प्लॅटिनमवर डाग पडत नाही," सर अगदी पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगावं तसं म्हणाले आणि जमिनीवर बसले.

आम्ही सगळे त्या वाटीवर वाकलो. शेवटी तात्या म्हणाले, "म्हंजे, आमी येवढी वर्सं दर आइतवारी प्लॅटिनमातल्या हिंगाचं पोहं खातोय?"

"मग आता मी हिंग कशात ठेवू?" काकू म्हणाल्या. हा त्या सकाळचा सर्वांत व्यवहारी प्रश्न होता.

सर उठले, आबांच्या पायरीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. "आबा, चोर मी," ते म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. "उद्या कॉलेजात जायाचं," म्हणाले. "रजिस्टर हाय तितं."

सोमवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भोकासकट घातला होता. मॅडमनी रजिस्टर काढून ठेवलं होतं, पण चेहरा चिंतेचा. "सर, अडचण आहे. ही वस्तू कधीच निर्लेखित झाली. रजिस्टरातून गेलेली वस्तू परत कशी घ्यायची, याचा नियमच नाही. मी कार्यालयात विचारलं. ते म्हणाले, वस्तू हरवली तर फॉर्म आहे, सापडली तर फॉर्म नाही."

"शेऱ्याखाली शेरा लिहायला फॉर्म लागत नाही," सर म्हणाले. "जागा लागते. जागा आहे."

त्यांनी पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मग रजिस्टर आबांकडे फिरवलं. आबांनी ओळीखाली बोट ठेवून मनाशी वाचलं आणि मॅडमना म्हणाले, "मोठ्यानं वाचा." आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले दोन कारकून, एक परिचर आणि भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक दारात गोळा झाले होते. आबांना तेच हवं होतं.

मॅडमनी वाचलं: "वरील शेरा चुकीचा आहे. सदर वस्तू खंडेनवमीच्या पूजेनंतर मी स्वतः तबकातून घरी नेली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. परिचर निर्दोष आहेत हे मात्र माहीत होतं, तरीही मी सही केली." खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख.

दारातला एक कारकून मान खाली घालून उभा राहिला. आबांना इतकी वर्षं कपाट उघडून देणारा तोच.

"आता वाटी जागेवर कोण ठेवणार?" मॅडमनी विचारलं. कोणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी खण उघडला, जुडग्यातून एक किल्ली वेगळी काढली आणि आबांपुढे धरली.

आबांनी लगेच घेतली नाही. धोतराच्या सोग्याला दोन्ही हात पुसले, मग घेतली. कपाट तेच होतं, करड्या रंगाचं, भिंतीकडच्या कोपऱ्यात. आबा चालत गेले. सर खिडकीबाहेर काही तरी फार महत्त्वाचं घडत असल्यासारखे तिकडे बघू लागले. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल आधीच डोळ्यांपाशी आणून ठेवला होता.

किल्ली फिरली. दारं करकरली. आबांनी वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत बघितलं, परत खालून वर बघितलं. त्यांच्या भुवया चढत गेल्या. वाटी हातात तशीच धरून ते गर्रकन वळले आणि भर प्रयोगशाळेत कडाडले:

"अवो मॅडम, ॲसिडच्या बाटल्या आन चहाची साखर एका फळीवर? कुणाकडं असती हो ह्या कपाटाची किल्ली?"